पंचवीस मिनिटांचा हिशेब अठरावर कसा आला: अखंड ढवळटाकीच्या स्पेस टाइमचे एक प्रकरण

टाकीवरच्या पट्टीवर ६० लिटर लिहिले आहे, पाण्याच्या रोटामीटरवर (नळीतल्या फ्लोटच्या उंचीवरून प्रवाह दाखवणारा मीटर) मिनिटाला २.४ लिटर दिसते. भागाकार केला की स्पेस टाइम, म्हणजे टाकीच्या आकारमानाइतका द्रव आत यायला लागणारा वेळ, २५ मिनिटे निघतो. या २५ मिनिटांवर रूपांतरण (कच्च्या मालापैकी अभिक्रिया झालेला भाग) ८० टक्के अपेक्षित होते, आणि प्रयोगशाळेचा अहवाल ६२ टक्के सांगतो. एवढी तफावत दिसली की पहिला संशय रासायनिक वेगावर जातो आणि दुसरा कच्च्या मालावर. या प्रकरणात दोन्ही निर्दोष निघतात. टाकी आणि तिची मोजमापे अभ्यासासाठी रचलेली आहेत. अभिक्रिया आणि तिचे वेगस्थिरांक (संहतीला ज्यांनी गुणले की वेग मिळतो ते आकडे) मात्र खरे, नेहमीच्या वापरातले आहेत.

मांडणी

अभिक्रिया ॲसेटिक ॲनहायड्राइडच्या जलअपघटनाची. एका रेणूपासून ॲसेटिक ॲसिडचे दोन रेणू होतात. द्रावण विरळ ठेवले की पाणी इतके जास्त असते की त्याची संहती बदलत नाही असे धरता येते, आणि वेग ॲनहायड्राइडच्या संहतीच्या पहिल्या घातावर चालतो. वेगस्थिरांक १५ अंश सेल्सिअसला ०.०८०६, २५ अंशांना ०.१५८ आणि ४० अंशांना ०.३८० प्रति मिनिट. २५ अंशांच्या आसपास एक अंशाचा फरक म्हणजे वेगात सुमारे ६ टक्क्यांचा फरक. हा आकडा पुढे उपयोगी पडणार आहे.

टाकी स्टेनलेस स्टीलची, जॅकेटची (बाहेरून पाणी फिरवायचे दुहेरी कवच), आत चार बॅफल (भिंतीवरच्या उभ्या पट्ट्या) आणि एक टर्बाइन स्टरर. पातळी बाजूच्या ओव्हरफ्लो नळीने राखली जाते. पाणी रोटामीटरमधून येते, ॲनहायड्राइड वेगळ्या मीटरिंग पंपाने मिनिटाला ४९ ग्रॅम. रेणुभार १०२.१ धरला तर मिनिटाला ०.४८ मोल, त्याला २.४ लिटरने भागून फीडची (आत जाणाऱ्या मिश्रणाची) संहती लिटरला ०.२०० मोल मानली होती.

पूर्ण मिसळणाऱ्या टाकीत पहिल्या घाताच्या अभिक्रियेचे रूपांतरण काढायचे सूत्र सोपे आहे. वेगस्थिरांक गुणिले स्पेस टाइम हा गुणाकार करायचा आणि त्याला 'एक अधिक तोच गुणाकार' याने भागायचे. ०.१५८ × २५ = ३.९५, ३.९५ ÷ ४.९५ = ०.७९८. अपेक्षेचा ८० टक्के हा आकडा इथून आला.

नमुन्याचे टायट्रेशन (ब्युरेटमधून कॉस्टिक सोडा घालून ॲसिड किती ते मोजणे) ॲनिलिन पद्धतीने केले होते. ओव्हरफ्लोमधून १० मिली नमुना घेऊन तो लगेच ५० मिली ॲनिलिन-संपृक्त पाण्यात सोडायचा. उरलेले ॲनहायड्राइड ॲनिलिनशी झटकन अभिक्रिया करून ॲसिटॅनिलाइड आणि ॲसिडचा एकच रेणू देते. आधीच अपघटन झालेल्या भागाचे मात्र दोन रेणू झालेले असतात. त्यामुळे एकूण ॲसिड = फीड संहती × (१ + रूपांतरण). ॲनिलिन विषारी आहे, त्वचेतूनही शरीरात जाते. हातमोजे आणि फ्यूम हूड यांत तडजोड नको. ०.१ नॉर्मल कॉस्टिक ३२.४ मिली लागले, म्हणजे ॲसिड लिटरला ०.३२४ मोल. ०.३२४ ÷ ०.२०० = १.६२, म्हणून रूपांतरण ०.६२.

इथे थांबून वेगस्थिरांक उलटा काढला तर काय होईल ते आधी पाहू, कारण नुकसान तिथे आहे. ०.६२ ÷ ०.३८ ÷ २५ केले की वेगस्थिरांक ०.०६५ येतो, खऱ्याच्या निम्म्याहून कमी. हा आकडा घेऊन ८० टक्के रूपांतरणासाठी मोठी टाकी आखायला बसलो तर स्पेस टाइम ६१ मिनिटे लागतो, प्रत्यक्षात गरज २५.३ मिनिटांची असताना. टाकी जवळपास अडीचपट मोठी होते. वेगस्थिरांकाचा चुकीचा आकडा एकदा फाइलीत गेला की वर्षानुवर्षे तिथेच राहतो, म्हणून भागाकारातला अंश आणि छेद दोन्ही आधी तपासायचे.

अंश: टाकीत द्रव किती आहे

स्पेस टाइममधले आकारमान म्हणजे ज्या जागेत अभिक्रिया चालते ती जागा. द्रव अभिक्रियेत वरची मोकळी जागा मोजायची नसते. कॉइल, बॅफल आणि स्टररचा दांडा यांनी व्यापलेली जागाही वजा होते. चित्रावरून हिशेब करता येतो, पण त्याहून भरवशाचे काम म्हणजे चालू स्थितीतला द्रव काढून तोलणे.

टाकी पाण्यावर चालवायची, प्रवाह आणि स्टररचा वेग रोजचाच ठेवायचा. पातळी स्थिर झाली की इनलेट आणि ओव्हरफ्लो एकाच वेळी बंद करायचे, मग स्टरर थांबवायचा आणि तळाच्या व्हॉल्व्हमधून सगळे पाणी काट्यावरच्या पिंपात घ्यायचे. २५ अंशांना ४५.५ किलो पाणी निघाले, घनता ०.९९७ धरून ४५.६ लिटर.

स्टरर बंद ठेवून पाणी भरत गेले तर ओव्हरफ्लो सुरू व्हायला ४६.८ लिटर लागले होते. स्टरर फिरत असताना पृष्ठभाग सपाट राहत नाही. ओव्हरफ्लोच्या तोंडाशी पाणी उसळते आणि ठरलेल्या पातळीआधीच बाहेर पडते. म्हणून मोजमाप चालू स्थितीतच करावे. फेस होणाऱ्या किंवा वायू सोडणाऱ्या द्रवात हा फरक बराच वाढतो.

६० च्या जागी ४५.६ घेतले, प्रवाह तसाच २.४ ठेवला, तर स्पेस टाइम १९.० मिनिटे आणि अपेक्षित रूपांतरण ०.७५०. एकाच दुरुस्तीने ८० चे ७५ झाले.

छेद: आत जाते किती

रोटामीटरची अचूकता बहुधा पूर्ण मापाच्या टक्क्यांत दिलेली असते. ५ लिटरच्या रोटामीटरवर दोन टक्के म्हणजे ०.१ लिटर. वाचन २.४ असताना तीच चूक चार टक्क्यांहून जास्त ठरते. त्यात फ्लोट कुठल्या कडेवर वाचायचा याचा गोंधळ असतो: काहींत सर्वांत रुंद कड, काहींत वरची कड, आणि बनवणाऱ्याची सूचना पाहिल्याशिवाय ते ठरवू नये. शिवाय इथे रोटामीटर फक्त पाणी मोजतो. ॲनहायड्राइडचे मिनिटाला ४५ मिली त्यात धरलेलेच नव्हते.

उपाय बादली आणि घड्याळाचा. ओव्हरफ्लो पाच मिनिटे कोरड्या, आधी तोललेल्या बादलीत घ्यायचा आणि तोलायचा. एका मिनिटाचा नमुना पुरत नाही, कारण ओव्हरफ्लो लाटांनी येतो. १२.७० किलो भरले. या विरळ द्रावणाची घनता लिटरला जवळपास एक किलो, म्हणून प्रवाह २.५४ लिटर. स्पेस टाइमची व्याख्या इनलेटच्या स्थितीतल्या प्रवाहावर आहे. विरळ द्रवात घनता बदलत नसल्याने बाहेरचे माप आतल्यासाठी चालते. वायूत ते चालत नाही, त्याकडे पुढे येऊ.

४५.६ ÷ २.५४ = १७.९५ मिनिटे. रूपांतरण ०.७३९.

आता या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. प्रवाहातली चूक फक्त स्पेस टाइममध्ये शिरत नाही, फीडच्या संहतीतही शिरते. मिनिटाला ०.४८ मोल ॲनहायड्राइड २.४० ऐवजी २.५४ लिटरमध्ये पसरते, म्हणून फीडची खरी संहती ०.१८९. टायट्रेशनचे तेच ०.३२४ आता ०.१८९ ने भागले की १.७१४ येते. मोजलेले रूपांतरण ०.६२ नव्हतेच, ०.७१४ होते. ब्युरेटचे वाचन बरोबर, सूत्र बरोबर, फक्त भाजक चुकीचा, आणि या पद्धतीत भाजकातली सहा टक्क्यांची चूक रूपांतरणात नऊ टक्के-गुणांची होऊन बाहेर पडते. कारण सरळ आहे: गुणोत्तरातून एक वजा करून रूपांतरण मिळते, त्यामुळे गुणोत्तरातली सगळी चूक उरलेल्या लहान आकड्यावर येते.

यावर एक स्वतंत्र पडताळा आहे आणि त्याला प्रवाहाची माहितीच लागत नाही. ओव्हरफ्लोचा दुसरा नमुना ॲनिलिनमध्ये न सोडता बंद बाटलीत दोन तास ठेवायचा. या वेगाने तेवढ्या वेळात सगळे ॲनहायड्राइड संपते, आणि ॲसिडची संहती फीड संहतीच्या बरोबर दुप्पट होते. १० मिलीला कॉस्टिक ३७.८ मिली लागले: ०.३७८ ÷ २ = ०.१८९. बादलीच्या मापाशी जुळले. ॲनहायड्राइडच्या पिंपात ओलावा गेला असेल तर त्यात आधीपासून ॲसेटिक ॲसिड असते आणि तेही या टायट्रेशनात मोजले जाते. तेव्हा पिंपातल्या मालाची शुद्धता वेगळी तपासलेली असावी. खरे तर हे दुसरे टायट्रेशन प्रत्येक नमुन्याबरोबर करावे. एक बाटली आणि एक ब्युरेट एवढाच खर्च आहे.

तापमान

थर्मोवेल (टाकीत बसवलेली, तापमानाचा सेन्सर धरणारी नळी) २५.० दाखवत होता. प्रमाणित थर्मामीटर थेट ओव्हरफ्लोच्या धारेत धरला तर २४.२. फीडचे पाणी २१ अंशांचे. या संहतीला अभिक्रियेच्या उष्णतेने सुमारे दोन अंश वाढतात, उरलेले काम जॅकेटचे कोमट पाणी करते. थर्मोवेल जॅकेटच्या भिंतीला लागून आणि आतून कोरडा होता. त्यात तेल नसल्याने सेन्सर द्रवापेक्षा भिंतीचेच तापमान जास्त पकडत होता. थर्मोवेलमध्ये तेल भरणे आणि टोक स्टररच्या प्रवाहात येईल इतके लांब घेणे हा नेहमीचा इलाज.

२४.२ अंशांना वेगस्थिरांक ०.१५०. स्पेस टाइम १७.९५ तोच. अपेक्षा ०.७३० वर आली. मोजलेले ०.७१४. अजून दीड टक्का उरतो. ब्युरेटच्या ०.१ मिली चुकीने रूपांतरण अर्ध्या टक्क्याने हलते, म्हणजे हा फरक टायट्रेशनच्या खात्यावर टाकता येत नाही.

नमुना स्थिरावल्यानंतर घेतला होता का, हाही प्रश्न असतो. सुरुवात साध्या पाण्याने केली असेल तर स्पेस टाइमच्या तिप्पट वेळाने, अभिक्रिया नसलेल्या घटकासाठी, टाकी ९५ टक्के बदललेली असते. पाचपटीने ९९ टक्क्यांच्या वर. अभिक्रिया असताना संहती त्याहून लवकर स्थिरावते, पण जॅकेट आणि टाकीचे तापमान मागे रेंगाळते. इथे किमान ७५ मिनिटे थांबून, वीस मिनिटांच्या अंतराने दोन नमुने जुळल्यावरच आकडा नोंदवला होता. तेव्हा ही शक्यता बाद.

ट्रेसर

उरलेल्या दीड टक्क्यासाठी मीठ ट्रेसर म्हणून, म्हणजे द्रवाची वाट दाखवणारी खूण म्हणून, वापरले. फीडमध्ये फक्त पाणी, तेही मिनिटाला २.५४ लिटर, स्टरर रोजच्या वेगावर. १०० ग्रॅम मीठ एक लिटर पाण्यात विरघळवून पाच सेकंदांत टाकीत ओतायचे आणि ओव्हरफ्लोमधली विद्युतवाहकता दर अर्ध्या मिनिटाला ९० मिनिटांपर्यंत नोंदवायची. मीठ अगदी थोड्या पाण्यात घट्ट विरघळवू नये. जड द्रावण थेट तळाशी बसते आणि वाचन टाकीऐवजी तळाची गोष्ट सांगते. पाण्याची मूळ वाहकता आधी मोजून वजा करायची, आणि मीटरचे वाचन संहतीत बदलणारा आलेख आधीच तयार ठेवायचा.

आता आलेखावर मिठाच्या संहतीचा नैसर्गिक लॉगॅरिदम वेळेविरुद्ध मांडला. पूर्ण मिसळणाऱ्या टाकीत सरळ रेषा यायला हवी आणि तिचा उतार स्पेस टाइमच्या व्यस्ताइतका हवा. रेषा सरळ आली, पण उतारातून १६.७ मिनिटे निघाले, १७.९५ नाहीत. ही रेषा मागे शून्य वेळेपर्यंत वाढवली तर संहती लिटरला २.३६ ग्रॅम दिसते. १०० ग्रॅम मीठ ४५.६ लिटरमध्ये पसरले असते तर ती २.१९ असती. १०० ÷ २.३६ = ४२.४ लिटर, आणि १६.७ × २.५४ हेही ४२.४ लिटर. एकाच प्रयोगातली दोन वेगळी मापे एकाच आकड्यावर येतात, तेव्हा शंकेला जागा राहत नाही. टाकीतले सुमारे ३.२ लिटर पाणी मिसळण्यात भाग घेत नाही; ही मृत जागा.

उताराऐवजी सरासरी वास्तव्यकाळ (द्रवाचा कण टाकीत सरासरी किती वेळ राहतो) बेरजेने काढायचा मोह होतो. तिथे एक सापळा आहे. रसायन अभियंते डॅन्कवर्ट्स यांनी १९५३ साली वास्तव्यकाळाच्या वितरणाची मांडणी केली; तिच्यानुसार बंद भांड्यात (म्हणजे आत आलेला द्रव इनलेटमधून मागे जात नाही आणि बाहेर पडलेला परत येत नाही), ट्रेसर शेवटच्या कणापर्यंत मोजला तर सरासरी वास्तव्यकाळ एकूण द्रव भागिले प्रवाह इतकाच येतो, मृत जागा असो वा नसो. कोपऱ्यात अडकलेले मीठही हळूहळू बाहेर येतच असते, फक्त फार उशिरा आणि फार विरळ. ९० मिनिटांनी नोंद थांबवली की ती लांब शेपटी कापली जाते आणि सरासरी कमी दिसते. मूळ वाहकता किंचित कमी वजा केली की तीच शेपटी फुगते, कारण तिथे प्रत्येक वाचनाला मोठ्या वेळेने गुणले जाते. म्हणून सुरुवातीच्या सरळ भागाचा उतार जास्त विश्वासाचा. आणि प्रवाह गुणिले संहतीची बेरीज यातून ओतलेले मीठ परत हाती लागते का, हे नेहमी पाहावे. लागत नसेल तर आलेखावर पुढे काहीही वाचू नये.

१६.७ मिनिटांनी हिशेब: ०.१५०४ × १६.७ = २.५१, रूपांतरण ०.७१५. मोजलेले ०.७१४. प्रकरण जुळले.

मृत जागा शोधायला वेळ लागला नाही. तळाच्या व्हॉल्व्हची ४० मिमी व्यासाची उभी नळी एकटीच पाव लिटरहून जास्त धरते, आणि स्टरर तळापासून टाकीच्या निम्म्या व्यासाइतका उंच बसवला होता. खालच्या गोलाकार तळात पाणी फिरतच नव्हते. तो एक तृतीयांश व्यासापर्यंत खाली घेणे आणि तळाला फ्लश व्हॉल्व्ह (तळाशी सपाट बसणारा) लावणे, ही दोन कामे.

हिशेबाची वाटणी

अपेक्षा आणि अहवाल यांत अठरा टक्के-गुणांची दरी होती. त्यातली नऊहून जास्त फीड संहतीच्या चुकीच्या भाजकामुळे, म्हणजे फक्त कागदावर. उरलेल्यातले पाच टाकीच्या पट्टीवरच्या आकड्याचे, एक प्रवाहाचा, एकाहून थोडे कमी तापमानाचे आणि दीड मृत जागेचे. मृत जागेचा शोध सर्वांत रंजक वाटतो, तरी ट्रेसर शेवटी करायचा. पिंप, काटा आणि बादली यांनी आधीच मोठा भाग उलगडतो, आणि ती कामे एका सकाळीत होतात.

८० टक्क्यांपर्यंत जायचे तर

टाकीत ८० टक्क्यांसाठी वेगस्थिरांक गुणिले स्पेस टाइम बरोबर ४ लागतो. २५ अंशांवर राहून, मृत जागा तशीच ठेवून प्रवाह कमी करायचा तर १.६८ लिटरपर्यंत यावे लागेल. उत्पादन एक तृतीयांशाने घटते. हा मार्ग सोडून द्यावा. तापमान वाढवायचे तर सध्याच्या टाकीत सुमारे ३२ अंश पुरतात. स्टरर खाली घेऊन पूर्ण ४५.६ लिटर कामाला लावले तर ३०.७ अंशांतच भागते.

एका टाकीच्या जागी मालिकेत दोन सारख्या टाक्या घेतल्या तर २५ अंशांना, २.५४ लिटर प्रवाहावर, दोन्ही मिळून ३९.७ लिटर पुरतात. नळीच्या रिअॅक्टरमध्ये मागे-पुढे मिसळणे नाही असे धरले तर स्पेस टाइम १०.२ मिनिटे आणि आकारमान २५.९ लिटर. पण २५ मिमी आतल्या व्यासाच्या नळीत एवढ्यासाठी सुमारे ५३ मीटर लांबी लागते, आणि या प्रवाहात रेनॉल्ड्स अंक (प्रवाह थरांचा की खळबळीचा हे सांगणारा आकडा) २४०० च्या घरात येतो. तिथे प्रवाह धड थरांचा नाही, धड खळबळीचा नाही, आणि 'सगळे कण एकाच वेगाने जातात' हे गृहीतक कच्चे पडते. कागदावरची १०.२ मिनिटे तिथे तशीच्या तशी वापरू नयेत.

वायूच्या अभिक्रियेत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. एका रेणूचे दोन होत असतील, जसे इथेनपासून इथिलीन आणि हायड्रोजन, तर वायू पुढे जाताना फुगतो आणि वेगाने बाहेर पडतो. तापमान आणि दाब स्थिर, फीड शुद्ध, अभिक्रिया पहिल्या घाताची आणि एकदिशा धरली तर नळीत ८० टक्के रूपांतरणासाठी वेगस्थिरांक गुणिले स्पेस टाइम १.६१ ऐवजी २.४२ लागतो, म्हणजे निम्म्याने जास्त आकारमान. स्पेस टाइम इनलेटच्या प्रवाहावर काढलेला असल्याने तो इथे प्रत्यक्ष वास्तव्यकाळापेक्षा जास्त असतो. स्पेस व्हेलॉसिटी (प्रवाह भागिले आकारमान) दिली असेल तर ती कुठल्या तापमान-दाबावर मोजलेल्या प्रवाहाची, हे विचारल्याशिवाय तिचा व्यस्त घेऊ नये. बहुतेक वेळा ती प्रमाण स्थितीवर दिलेली असते, रिअॅक्टरच्या इनलेटवर नाही.

या टाकीसाठी निवड स्पष्ट आहे: स्टरर खाली, थर्मोवेलमध्ये तेल, तापमान ३०.७ अंश, प्रवाह बादलीने मोजलेला २.५४ लिटर. बदलानंतर पहिल्या स्थिर नमुन्याला ॲनिलिन पद्धतीत कॉस्टिक ३४.० मिली आणि दोन तास ठेवलेल्या बाटलीला ३७.८ मिली लागायला हवे. दुसरा आकडा हलला तर प्रवाह किंवा मीटरिंग पंप पुन्हा तपासायचा. दुसरा जागेवर राहून पहिलाच कमी आला, तर तापमान आणि टाकीतली पातळी.